झाराहेम्ला नकाशावर सापडते का? मॉर्मन ग्रंथातील स्थळांच्या हौशी शोधाविषयी

युटा राज्यातील लीहाय शहरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका मराठी वाचकांना त्यांच्या शेजारच्या मॉर्मन कुटुंबाने दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या सहलीचे आग्रहाचे निमंत्रण दिले आहे. 'बुक ऑफ मॉर्मन' या आमच्या धर्मग्रंथातील प्राचीन शहरांचे अवशेष तेथे पाहायला मिळतात, असे त्या कुटुंबाचे म्हणणे आहे. त्याच कुटुंबातील एक नातलग मात्र ठामपणे सांगतात की, ग्रंथातील झाराहेम्ला हे मुख्य शहर आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या शेतांखाली आहे आणि हौशी शोधकांनी यंत्रे लावून ते जवळजवळ शोधून काढले आहे. यातले खरे काय, पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी यावर काही काम केले आहे का, आणि अशा हौशी शोधाला काही मोल आहे का, असे या वाचकांनी विचारले आहे.

आधी थेट उत्तर देतो. 'बुक ऑफ मॉर्मन'मधील एखादे गाव, नदी किंवा टेकडी अमेरिका खंडात अमुक ठिकाणी होती, असे पुरातत्त्वाच्या कसोटीवर सिद्ध झालेले आजवर एकही उदाहरण नाही. अरबस्तानात एका नावाचे साधर्म्य विचारात घेण्याजोगे आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. अभ्यासकांनी काम केले आहे का, तर केले आहे, आणि ते बरेच मोठे आहे. त्यातून जे हाती आले ते मात्र शोधायला गेलेल्यांच्या अपेक्षेपेक्षा वेगळे होते. माझे आयुष्य दख्खनमधील जुन्या वस्त्यांच्या उत्खननात गेले. गाडलेल्या वस्तीला नाव कसे मिळते आणि ते कधी देता येत नाही, हे या दोनशे वर्षांच्या शोधात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कोठे दिसते, म्हणून मी हा विषय आवडीने वाचत आलो आहे.

ग्रंथाची कथा थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मॉर्मन या अमेरिकेतील ख्रिस्ती पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यातील पालमायरा येथे हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जवळच्या एका टेकडीत पुरलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरील मजकुराचे हे दैवी साहाय्याने केलेले भाषांतर आहे, असे त्यांचे सांगणे होते. कथेनुसार इ.स.पू. ६००च्या सुमारास लीहाय नावाचा संदेष्टा कुटुंबासह जेरुसलेम सोडतो, तांबड्या समुद्राच्या कडेने अरबस्तानातून प्रवास करतो, समुद्रकिनाऱ्यावर जहाज बांधतो आणि नव्या भूमीत पोहोचतो. तेथे त्याच्या वंशजांचे नीफाइट आणि लेमनाइट असे दोन समाज होतात, शहरे वसतात, युद्धे होतात, आणि इ.स. ३८५च्या सुमारास क्युमोरा टेकडीपाशी झालेल्या लढाईत नीफाइटांचा अंत होतो. झाराहेम्ला, सायडन नदी, उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची भूमी, त्या दोहोंना जोडणारी जमिनीची अरुंद मान, अशी बरीच भौगोलिक माहिती ग्रंथात विखुरलेली आहे. आपले वाचक ज्या लीहाय शहरात राहतात त्याचे नाव याच संदेष्ट्यावरून ठेवलेले आहे. युटातील नीफाय, मोरोनाय, बाउंटिफुल ही गावेही याच ग्रंथाच्या नावांवर वसली.

आता एखाद्या प्राचीन वस्तीला ग्रंथातले नाव कशाच्या आधारावर देतात, ते पाहू. जेरुसलेमच्या वायव्येला काही किलोमीटरवर एल-जीब नावाचे खेडे आहे. बायबलमधील गिबिओन ते हेच असावे, असे एडवर्ड रॉबिन्सन यांनी १८३८ साली नावाच्या साम्यावरून आणि जेरुसलेमपासूनच्या अंतरावरून सुचवले होते. पुढे १९५६पासून जेम्स प्रिचर्ड यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा प्राचीन हिब्रू लिपीत 'गिबिओन' हे नाव कोरलेल्या मद्याच्या रांजणांच्या मुठी बऱ्याच संख्येने मिळाल्या. लोकांच्या तोंडी टिकलेले नाव, माहीत असलेल्या ठिकाणापासूनचे अंतर, योग्य काळाचे थर आणि शेवटी लेख, असे एकमेकांवर अवलंबून नसलेले चार पुरावे एका जागी जुळले. यात जेरुसलेमचे महत्त्व मोठे आहे. ते शहर कधीच विस्मृतीत गेले नाही, त्यामुळे मोजायला सुरुवात कोठून करायची हा प्रश्न बायबलच्या अभ्यासकाला पडत नाही.

अमेरिकेतील मॉर्मन भूगोलाला असे सुरुवातीचे ठिकाणच नाही. ग्रंथातील शहरांची आपसातली दिशा आणि अंतरे दिलेली आहेत, तीही बहुधा 'इतक्या दिवसांची वाट' अशा स्वरूपात. पण त्यांपैकी एकही शहर आज ज्ञात असलेल्या ठिकाणाशी बांधलेले नाही. न्यूयॉर्कमधल्या टेकडीला क्युमोरा म्हणतात हे खरे, पण ते नाव एकोणिसाव्या शतकातील श्रद्धावंतांनी दिलेले आहे. त्याआधी तेथील कुणाच्या तोंडी ते नव्हते. असा मोकळा, कोठेही न टेकलेला नकाशा हाती असला की तो अनेक ठिकाणी बसतो. दोन भूभाग आणि मधली अरुंद मान हे वर्णन कोणी पनामाला लावले, कोणी मेक्सिकोतील तेहुआंतेपेकच्या संयोगभूमीला, कोणी उत्तरेकडील ग्रेट लेक्सच्या परिसराला, तर कोणी थेट मलाया द्वीपकल्पालाही लावले. यातील प्रत्येक मांडणीच्या कर्त्याला आपल्या बाजूने पुष्कळ जुळणी सापडते, आणि माझ्या मते या शोधातील मूळ अडचण नेमकी हीच आहे.

हा शोध धर्मसंस्थापकाच्या हयातीतच सुरू झाला. जून १८३४मध्ये इलिनॉय नदीजवळच्या, प्राचीन लोकांनी रचलेल्या एका मातीच्या ढिगाऱ्यात स्मिथ यांच्या सोबत्यांना मानवी सांगाडा आणि बाणाचे टोक मिळाले, आणि हा झेल्फ नावाचा योद्धा होता असे स्मिथ यांनी सांगितल्याच्या नोंदी सोबत्यांच्या दैनंदिन्यांत आहेत. त्या नोंदी तपशिलात एकमेकींशी जुळत नाहीत. पुढे जॉन लॉइड स्टीफन्स यांचे मध्य अमेरिकेतील प्रवासाचे सचित्र वर्णन १८४१ साली प्रसिद्ध झाले आणि जंगलातील भव्य दगडी शहरे प्रथमच सर्वसामान्य वाचकांपुढे आली. मॉर्मनांच्या 'टाइम्स अँड सीझन्स' या नियतकालिकाने १८४२मध्ये ग्वाटेमालातील किरिग्वाचे अवशेष झाराहेम्लाचे असू शकतील असे लिहिले. त्या वेळच्या वाचकांना दोष देता येणार नाही, कारण माया लेखांतील तारखा तेव्हा कोणालाही वाचता येत नव्हत्या. आज त्या वाचता येतात. किरिग्वाचे प्रसिद्ध उभे शिलास्तंभ इ.स.च्या आठव्या शतकातले आहेत, म्हणजे ग्रंथातील कथा संपल्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी उभारलेले.

पुढच्या काळात चर्चचे नेते ऑर्सन प्रॅट यांनी ग्रंथाच्या १८७९च्या आवृत्तीत तळटिपा घालून लीहायचे जहाज चिलीच्या किनाऱ्याला लावले आणि सायडन म्हणजे कोलंबियातील माग्दालेना नदी ठरवली. १९२०च्या आवृत्तीतून त्या टिपा काढून टाकण्यात आल्या. मधल्या काळात, १९०० साली, मॉर्मनांच्या ब्रिगहॅम यंग अकॅडमीचे (पुढचे ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) प्रमुख बेंजामिन क्लफ विद्यार्थी आणि सहकाऱ्यांना घेऊन युटातून जमिनीच्या मार्गाने झाराहेम्ला शोधायला निघाले. मेक्सिकोच्या सीमेवर चर्चच्या नेत्यांनी मोहिमेचा पाठिंबा काढून घेतला, तरी क्लफ काही जणांसह पुढे गेले. ते कोलंबियात पोहोचले तेव्हा तेथे यादवी युद्ध पेटलेले होते, आणि माग्दालेनाच्या वरच्या खोऱ्यात न जाताच त्यांना १९०२ साली परतावे लागले.

बनावट वस्तूंचे प्रकरण टाळता येण्यासारखे नाही. शोधणाऱ्यांची उत्कंठा जिथे मोठी असते, तिथे ती पुरवणारे कारागीर निर्माण होतात. १८४३ साली इलिनॉयमधील किंडरहूक येथे एका ढिगाऱ्यात अगम्य चिन्हे कोरलेले, घंटेच्या आकाराचे सहा पितळी पत्रे 'सापडले'. ही थट्टा होती असे तिच्यात सामील असलेल्या विल्बर फ्युगेट यांनी १८७९मध्ये पत्राने कळवले. तरीही शंका राहिलीच, आणि शिकागोत जपलेल्या एका पत्र्याच्या १९८०मधील तपासणीत अक्षरे आम्लाने कोरलेली असून धातू एकोणिसाव्या शतकातला आहे हे दिसून आल्यावर प्रकरण मिटले. मिशिगनमध्ये १८९०च्या दशकापासून पाटीचा दगड, तांबे आणि माती यांच्या लेखयुक्त वस्तू ढिगाऱ्यांतून मोठ्या संख्येने निघू लागल्या. पुढे मॉर्मन चर्चचे वरिष्ठ नेते झालेले आणि पेशाने भूवैज्ञानिक असलेले जेम्स टॅल्मेज १९०९ साली स्वतः तेथे गेले, खणतीच्या वेळी हजर राहिले आणि १९११मध्ये त्यांनी या वस्तू बनावट असल्याचे छापून जाहीर केले. आपल्या धर्माला अनुकूल वाटणारा पुरावा नाकारण्याची ही सचोटी मला फार मोठी वाटते. पुढील तपासणीत त्या पाट्यांवर आधुनिक करवतीच्या खुणा आणि तांब्यात कारखान्यात शुद्ध केलेल्या धातूची लक्षणे मिळाली. इतके होऊनही या वस्तूंची छायाचित्रे अस्सल पुरावा म्हणून आजही फिरत असतात.

या साऱ्या इतिहासात ज्यांच्याविषयी मला सर्वाधिक आदर वाटतो ते थॉमस स्टुअर्ट फर्ग्युसन हे व्यवसायाने कॅलिफोर्नियातील वकील होते. त्यांचे पुरातत्त्वाचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. ग्रंथातील भूमी दक्षिण मेक्सिकोत आहे अशी त्यांची खात्री होती, पण केवळ पुस्तके लिहून ती सिद्ध होणार नाही, उत्खनन करावे लागेल आणि ते जाणत्यांकडून करून घ्यावे लागेल, हेही त्यांनी ओळखले. १९५२ साली त्यांनी 'न्यू वर्ल्ड आर्किऑलॉजिकल फाउंडेशन' ही संस्था स्थापन केली. आल्फ्रेड किडर आणि गॉर्डन विली यांच्यासारखे, मॉर्मन नसलेले त्या काळचे अग्रगण्य पुरातत्त्वज्ञ त्यांनी सल्लागार म्हणून मिळवले, चर्चकडून निधी मिळवला, आणि क्षेत्रकार्याच्या अहवालांत धर्मग्रंथाचा संबंध आणायचा नाही ही शिस्त मान्य केली. १९६१पासून ही संस्था ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या छत्राखाली आली.

संस्थेचे प्रमुख काम चियापास राज्यात, ग्रिहाल्वा नदीच्या खोऱ्यात झाले. चियापा दे कोर्सो येथील ढिगाऱ्यांत थरावर थर उलगडत खापरांचा जो कालक्रम तिथे बसवला गेला, तो आजही त्या प्रदेशातील अभ्यासाचा पाया आहे. तेथेच एका कोरीव दगडाचा लहानसा तुकडा मिळाला. त्यावर आडव्या रेघा आणि ठिपके यांनी लिहिलेले अंक उभ्या ओळीत आहेत. रेघ म्हणजे पाच आणि ठिपका म्हणजे एक. ओळीचा वरचा भाग तुटून गेला आहे, पण खालचे आकडे आणि त्यांच्यासोबतचे दिवसाचे चिन्ह यांचा मेळ घालून वरचे आकडे ठरवता येतात, आणि तारीख येते इ.स.पू. ३६मधील डिसेंबरची. मध्य अमेरिकेच्या 'दीर्घगणना' पंचांगातील आज माहीत असलेल्या तारखांत ही सर्वांत जुनी मानतात. तेथील लोक मिहे-सोके भाषाकुलातील असावेत असे अभ्यासकांचे मत आहे. याच स्थळी २०१०मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या आणि मेक्सिकोच्या पुरातत्त्वज्ञांनी मिळून सुमारे २,७०० वर्षांपूर्वीची, पिरॅमिडच्या पोटातील एका सरदाराची समृद्ध कबर उघडली. नीफाइटांचा शोध घेण्यासाठी उभ्या राहिलेल्या संस्थेने सोके लोकांचा प्राचीन इतिहास असा जगापुढे आणला. माया संस्कृतीचे विख्यात अभ्यासक मायकल को यांनी १९७३ साली मॉर्मन पुरातत्त्वाचे परखड मूल्यमापन केले, त्यातही या संस्थेच्या क्षेत्रकार्याची त्यांनी मोकळेपणाने प्रशंसा केली होती.

फर्ग्युसन यांना जे हवे होते ते मात्र मिळाले नाही. ग्रंथात उल्लेखलेल्या वनस्पती, प्राणी, धातुकाम आणि लिप्या अशा चार कसोट्या घेऊन त्यांनी १९७५मध्ये एक निबंध लिहिला आणि गहू, घोडा, पोलाद, रथ यांपैकी काहीही योग्य काळातील थरांत मिळालेले नाही असे नमूद केले. त्याआधी १९६७मध्ये जोसेफ स्मिथ यांच्या संग्रहातील इजिप्शियन पपायरस न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातून पुन्हा उजेडात आले होते, आणि त्यांचे वाचन स्मिथ यांच्या भाषांतराशी जुळत नसल्यानेही फर्ग्युसन यांचा विश्वास डळमळला होता. ग्रंथाचा भूगोल जमिनीवर कोठेच बसवता येत नाही, या निष्कर्षापर्यंत ते शेवटी पोहोचले. ज्या गृहस्थाने आपली उमेद आणि वर्षे एका अपेक्षेसाठी वेचली, त्याने 'हे मिळाले तर माझे बरोबर' इतक्यावर न थांबता 'हे मिळाले नाही तर काय' हेही लिहून ठेवले. माझ्या दृष्टीने हौशी आणि व्यावसायिक हा भेद येथे गौण ठरतो. आपल्या मताविरुद्ध काय गेल्यास ते मत सोडायचे, हे उत्खननाआधी सांगण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्या हातून काही शिल्लक राहणारे काम होते.

सहलीत आपल्याला बहुधा इसापा दाखवतील, म्हणून तेथील पाचव्या शिलास्तंभाबद्दल लिहितो. चियापासमधील तापाचुला शहराजवळच्या या स्थळावर इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांतील बरेच कोरीव दगड आहेत. पाचव्या स्तंभावर मध्यभागी एक मोठे झाड, त्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या मानवी आकृती, खाली पाण्याच्या लाटांसारखी नक्षी आणि मासे असे दाट दृश्य आहे. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात पुरातत्त्वाचा विभाग सुरू करणारे वेल्स जेकमन यांनी १९५०च्या दशकात हे लीहायला दिसलेल्या जीवनवृक्षाच्या स्वप्नाचे चित्र आहे असे मांडले. आकृतींजवळच्या चिन्हांत त्यांना लीहाय आणि नीफाय ही नावेही दिसली. दगडाच्या प्रतिकृती घरोघरी गेल्या. पण दगड फार झिजलेला आहे, आणि जेकमन यांचे रेखाटन मुख्यत्वे छायाचित्रांवरून केलेले होते. १९९०च्या दशकात त्याच फाउंडेशनच्या चित्रकाराने प्रत्यक्ष दगडासमोर बसून, बाजूने प्रकाश टाकून, उठावाची प्रत्येक कड तपासत नवे रेखाटन केले. त्यात जुन्या चित्रातले अनेक तपशील राहिलेच नाहीत. संस्थेचे तेव्हाचे संचालक जॉन क्लार्क स्वतः श्रद्धावान मॉर्मन आहेत. त्यांनीच हा स्तंभ लीहायच्या स्वप्नाशी जोडता येत नाही असे लिहिले. झाड आणि त्याभोवतीचे विधी हा इसापाच्या इतर दगडांवरही येणारा, तेथील लोकांचा स्वतःचा विषय आहे.

मेक्सिको-ग्वाटेमालाची सर्वांत बांधेसूद मांडणी जॉन सोरेन्सन यांनी १९८५ साली केली. तीत सायडन म्हणजे ग्रिहाल्वा नदी, नीफाय शहर म्हणजे कामिनालहुयू आणि झाराहेम्ला म्हणजे सांता रोसा असे सुचवले आहे. या मांडणीत ग्रंथातील 'उत्तर' ही दिशा बरीच पश्चिमेकडे वळवून घ्यावी लागते, कारण तेहुआंतेपेकची संयोगभूमी पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. सांता रोसा १९७०च्या दशकात अंगोस्तुरा धरणाच्या जलाशयाखाली गेले आणि कामिनालहुयू बहुतांशी ग्वाटेमाला शहराच्या इमारतींखाली गाडले गेले, त्यामुळे पाहायला थोडेच उरले आहे. २०१८मध्ये ग्वाटेमालातील पेतेनच्या जंगलावरून लायडारने (विमानातून लेझर किरण सोडून जमिनीचा उंचसखलपणा टिपणारे तंत्र) केलेल्या सर्वेक्षणात सुमारे २,१०० चौरस किलोमीटरमध्ये ६०,०००हून अधिक बांधकामे दिसली. दाट लोकवस्तीचे हे चित्र ग्रंथाला पुष्टी देते, असे तेव्हापासून काही जण म्हणतात. लायडारने दिसलेल्या भिंती माया लोकांच्या आहेत, आणि माया शहरांची प्राचीन नावे आता त्यांच्याच लेखांतून वाचता येतात: पालेन्केचे लाकामहा, तिकालचे मुताल. ग्रंथातील एकही नाव त्यांत आलेले नाही.

आता आयोवा. १८४१मध्ये स्मिथ यांनी इलिनॉयमधील नॉवू या मॉर्मनांच्या तेव्हाच्या मुख्य शहरासमोर, मिसिसिपी नदीच्या पलीकडे नवी वसाहत उभारून तिला झाराहेम्ला नाव द्यावे असा आदेश दिला. काही श्रद्धावंत याचा अर्थ मूळ शहरही तेथेच होते असा घेतात. त्यांच्या मते नीफाइट म्हणजे साधारण इ.स.पू. २०० ते इ.स. ५०० या काळातील, मातीचे भव्य ढिगारे उभारणाऱ्या होपवेल या आदिवासी संस्कृतीचे लोक आणि सायडन म्हणजे मिसिसिपी. गेल्या काही वर्षांत आयोवातील माँट्रोजजवळच्या शेतांत हौशी गटांनी चुंबकीय मापन केले आणि जमिनीत भोके पाडून मातीचे नमुने काढले. यंत्र उत्तम आहे, आणि मीही अशा मापनावर विसंबून चर आखलेले आहेत. माती भाजली की तिच्यातील लोहाच्या कणांचे चुंबकत्व बदलून त्या जागी टिकते, आणि खड्डा सुपीक मातीने भरला गेला तर तोही भोवतालपेक्षा वेगळा दिसतो. म्हणून पडद्यावर चुली आणि खड्डे ठिपक्यांसारखे उमटतात. पण ठिपका चुलीचा काळ सांगत नाही, आणि चूल कुणाची हे तर मुळीच सांगत नाही. वसाहतवाल्यांची भट्टी, जळालेले झाडाचे बुंधे, वीज पडलेली जागा, नांगराचा तुटलेला फाळ, सारे तेथे उमटते. कार्बन-१४ने कोळशाचा काळ दोन हजार वर्षांपूर्वीचा आला तरी आश्चर्य नाही, कारण त्या नदीकाठी त्या काळी माणसे राहतच होती. त्याच आयोवात उत्तरेला टूल्सबरो येथे त्यांचे ढिगारे उभे आहेत. शहर म्हणायचे तर घरांची रचना, खापरांचा क्रम, धान्य, हाडे, कचऱ्याचे थर यांचा मेळ लागतो, आणि 'झाराहेम्ला' म्हणायचे तर लेख लागतो.

येथे मला एक गोष्ट जरा तीव्रतेने सांगायची आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत अशी समजूत पसरली होती की, ओहायो-मिसिसिपीच्या खोऱ्यातील भव्य मातीकाम तेथील आदिवासींना जमणे शक्य नाही, ते कोणा लुप्त झालेल्या श्रेष्ठ वंशाचे आहे. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच १८३०मध्ये आदिवासींना पूर्वेकडून हुसकावून लावणारा कायदा झाला, आणि ही समजूत त्या धोरणाला सोयीची होती. सायरस थॉमस यांनी १८९४च्या अहवालात शेकडो ढिगाऱ्यांच्या पुराव्यानिशी ती खोडून काढली. होपवेल लोकांनी लेक सुपीरियरचे तांबे, यलोस्टोनचा ऑब्सिडियन, अपलाचियन पर्वतातील अभ्रक आणि मेक्सिकोच्या आखातातील शंख एकत्र आणले, आणि चंद्राच्या उदयास्ताशी जुळणारी भूमितीय रचना मातीत उभारली; २०२३मध्ये ओहायोतील त्या रचनांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. 'बुक ऑफ मॉर्मन' आदिवासींना इस्राएलचे वंशज मानतो, त्यामुळे त्याची भूमिका त्या समजुतीशी तंतोतंत एक नाही. पण होपवेलची कामगिरी नीफाइटांच्या नावावर लावली की ती ज्यांच्या पूर्वजांची आहे त्यांच्याकडून पुन्हा एकदा काढून घेतली जाते. जनुकीय अभ्यासात मूळ अमेरिकन लोकांचे पूर्वज ईशान्य आशियातून आलेले दिसतात, आणि चर्चनेही २००६ साली ग्रंथाच्या प्रस्तावनेतील 'प्रमुख पूर्वज' हे शब्द बदलून 'पूर्वजांपैकी' असे केले.

अरबस्तानातला पुरावा वेगळ्या प्रतीचा आहे, आणि तो नाकारून चालणार नाही. कथेत प्रवासात मृत्यू पावलेल्या इश्माएलला 'नाहोम' नावाच्या ठिकाणी पुरतात आणि तेथून कुटुंब जवळजवळ पूर्वेला वळते. येमेनमध्ये सानाच्या ईशान्येला निहम नावाची टोळी आणि प्रदेश आजही आहे. १९७८ साली एका मॉर्मन अभ्यासकाने लक्षात आणून दिले की, कार्स्टन नीबुर यांच्या येमेनच्या नकाशावर हे नाव आहे. हे नीबुर म्हणजे १७६१च्या डॅनिश मोहिमेतील जिवंत परतलेले एकमेव सदस्य. येमेननंतर ते १७६३मध्ये मुंबईला आले आणि घारापुरीच्या लेण्यांची काळजीपूर्वक रेखाटने करून गेले. पुढे जर्मन पथकाने येमेनमधील मारिबच्या बरान मंदिरात उत्खनन केले. तेथील एका वेदीवर, ती अर्पण करणारा माणूस निहमचा असल्याचे प्राचीन दक्षिण अरबी लिपीत कोरलेले आहे, आणि तिचा काळ इ.स.पू. सातवे-सहावे शतक असा ठरतो. म्हणजे लीहायच्या कथेच्या काळात, साधारण योग्य भागात, न-ह-म या व्यंजनांचे नाव अस्तित्वात होते. माझ्या मते याचे मोल एवढेच: टोळीचे नाव प्राचीन आहे हे सिद्ध झाले. लीहायचे कुटुंब तेथून गेले हे त्यावरून निघत नाही, आणि ते नाव अठराव्या शतकातील युरोपीय नकाशांवर छापलेले होते ही बाबही जमेस धरावी लागते. पण गिबिओनच्या वेळी वापरली तीच पद्धत येथे वापरली गेली, लेख वैध उत्खननातून मिळाला, त्याचा थर आणि काळ नोंदवलेला आहे. म्हणून त्यावर गंभीरपणे वाद घालता येतो. ओमानच्या धोफार किनाऱ्यावर, लीहायने जेथे जहाज बांधले ते 'बाउंटिफुल' म्हणून हौशी शोधकांनी खोर खारफोत आणि खोर रोरी अशी दोन ठिकाणे पुढे केली आहेत. निष्कर्ष काहीही असो, खोर खारफोतच्या गोड्या पाण्याच्या खाडीकडे आणि तेथील वनस्पतींकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्यात या मंडळींचा वाटा आहे.

तेव्हा सहलीला अवश्य जा. चर्चची अधिकृत भूमिका ग्रंथाच्या अमेरिकेतील भूगोलाबद्दल तटस्थ आहे, त्यामुळे शंका विचारली म्हणून शेजाऱ्यांच्या श्रद्धेचा अवमान होत नाही. मार्गदर्शक एखादे स्थळ दाखवील तेव्हा त्याचा काळ कोणता, तो कशावरून ठरला आणि तेथील लोक कोणती भाषा बोलत होते, हे विचारा. घोडे आणि बार्ली यांचा विषय निघेल. अमेरिकेतील मूळ घोडे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नष्ट झाले. १९८०च्या दशकात ॲरिझोनात मिळालेली लागवडीची बार्ली खरी आहे, पण ती तेथलीच वेगळी जात आहे, पश्चिम आशियातील नव्हे. खापराचा तुकडाही खिशात घालू नका. मेक्सिकोत १९७२च्या कायद्यानुसार जमिनीतील प्रत्येक प्राचीन वस्तू राष्ट्राच्या मालकीची आहे, आणि कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी माझ्याकडे कोणी खापर घेऊन आले की मी पहिल्यांदा ते कुठल्या थरातून आले हेच विचारतो. त्याचे उत्तर नसेल तर वस्तूकडून पुढे फारसे कळत नाही.

आयोवातील नातलगांनी शेतावर बोलावले तर गोष्ट जास्त जबाबदारीची आहे. खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने तेथे बरेच काही करता येते, पण मानवी हाडे लागली की काम थांबवून अधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि प्राचीन अवशेषांचे काम राज्य पुरातत्त्वज्ञांच्या कार्यालयाकडे जाते. हा नियम सहज आलेला नाही. १९७१ साली ग्लेनवुडजवळ रस्त्याच्या कामात जुनी दफनभूमी उघडी पडली. २६ गोऱ्या लोकांचे अवशेष दुसरीकडे पुरण्यात आले, आणि एका आदिवासी स्त्रीची व तिच्या बाळाची हाडे मात्र प्रयोगशाळेत पाठवली गेली. यँक्टन डकोटा समाजातील मारिया पिअर्सन यांनी राज्यपालांकडे दाद मागून लढा दिला, आणि १९७६मध्ये आयोवाने आदिवासींच्या कबरींना संरक्षण देणारा देशातील पहिला कायदा केला. म्हणून जाण्याआधी त्या गटाला तीन गोष्टी विचाराव्यात: मातीचे नमुने कोणा प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली काढले जातात का, काही न मिळालेल्या भोकांच्या नोंदीही प्रसिद्ध होणार आहेत का, आणि कबर लागल्यास कोणाला फोन करायचा हे शेतावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे का. तिसऱ्याचे उत्तर मिळाले नाही तर जाऊ नये.